सवतीची गुणगुण

११ फेब्रुवारी

आज ठरलं. मी जाणार.

लेकीने दोन दिवस समजावलं. म्हणाली, "बाबा, तुमच्या वयाची माणसं सकाळी बागेत फिरतात. तुम्ही बँडबरोबर गावोगाव फिरणार?" मी म्हटलं, पाय घसरायचा तर तो बागेतही घसरतो. त्यावर ती भांडी आपटायला लागली असं दिसलं.

कशासाठी जायचं ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझाच गोंधळ नको. नात गिटार वाजवते आणि गाते. पाळण्यात होती तेव्हा तिचं रडणं तीन भिंती ओलांडून जायचं, म्हणून मी तिला टिटवी म्हणतो. तिच्या बँडमध्ये आणखी दोघं आहेत. ड्रम वाजवणाऱ्याला सगळे ठोक्या म्हणतात, कारण तो जेवणाच्या टेबलावरही बोटांनी ठोकत असतो. दुसरा बेस गिटार वाजवतो. जागचा हलत नाही आणि बोलत नाही, म्हणून तो खांब. आणि चौथी आहे सवत.

सवत म्हणजे माझा अ‍ॅम्प्लिफायर. गिटारची तार त्याला जोडली की आवाज मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो. पंचेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात मी तो स्वतःच्या हाताने बांधला, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह घालून. ज्याने सांगितला होता तो न्यायला आलाच नाही आणि अ‍ॅम्प घरातच राहिला. रोज संध्याकाळी मी त्याच्यासमोर बसून काहीतरी सुधारत असायचो. ही म्हणायची, "मी मेले तर तुम्हाला कळायला तीन दिवस लागतील. सवत आहे ती माझी, सवत." तेव्हापासून तेच नाव पडलं. ही जाऊन आता दोन वर्षं झाली. सवत आहे.

टिटवी म्हणते, असा आवाज दुसऱ्या कशातून येत नाही. हे वर्ष गावोगाव कार्यक्रम करायचे, गाणी घोटून पक्की करायची आणि मग अल्बम रेकॉर्ड करायचा, असा तिघांचा बेत आहे. सवत म्हातारी. वाटेत बिघडली तर उघडायची कोणी? व्हॉल्व्हची कामं करणारे आता उरले नाहीत, उरलो तो मी. नाहीतर लेकीकडे खिडकीतली खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवलेलीच आहे. तिने तिच्यावर उशीसुद्धा घातली आहे. ती उशी बघितली की मला धडकी भरते.

सातवीनंतर शाळा सुटली, लिहायचा सराव नाही. पण शेवटच्या आजारात ही म्हणाली होती, मी गेल्यावर तुमच्या काळज्या ऐकायला कोण बसणार आहे, वहीत लिहीत जा. म्हणून ही वही.

गॅसचं बटण दोनदा बघितलं.

२ मार्च

पहिलं गाव झालं. गाडी ठोक्या चालवतो. पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे असं त्याला सांगितलं, तर म्हणाला, "आजोबा, तुम्हाला चारही चाकांत हवा कमीच वाटते." वाटते हे खरं, पण म्हणून ती भरलेली असते असं नाही.

कार्यक्रम एका जुन्या गोदामात होता. सवत व्यवस्थित चालली. एकच दोष. ती चालू केली की गाणं सुरू व्हायच्या आधी एक जाड गुणगुण येत राहते. जुनाच दोष आहे. पंचेचाळीस वर्षं काढायला बघतोय, निघत नाही. लोकांना सांगावं की माफ करा, म्हणून मी स्टेजकडे निघालो होतो. खांबाने दंडाला धरून थांबवलं.

आज सकाळी गाडीत टिटवीने विचारलं, आजी या गुणगुणीला वैतागायची का? मी सांगितलं, नाही. ही स्वयंपाकघरात असायची, मी बाहेरच्या खोलीत, मध्ये भिंत. गुणगुण भिंतीतून आत जायची. ही म्हणायची, "मला हाक मारावी लागत नाही. गुणगुण येतेय म्हणजे तुम्ही घरात आहात." एकदा वीज गेली आणि गुणगुण थांबली, तर हातातला डाव तसाच घेऊन धावत बाहेर आली होती.

ठोक्या हसला. टिटवी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली. गाडी लागली असावी. तिला लिंबाची गोळी दिली.

१९ मार्च

सवतीचं काहीतरी बिनसलं आहे. आवाज दबलेला येतो, गोधडीच्या आतून कोणी बोलावं तसा. तारेवर नख लागलं की जो बारीक चटका उठायचा तो गेला. धारच नाही.

आतला एक छोटा भाग, कंडेन्सर, बदलला. काढलेला डब्यात ठेवला. जुन्या यंत्रातून काढलेला भाग फेकायचा नाही, हा माझा दुकानापासूनचा नियम. बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्यासाठीच बरोबर आहे. ट्रेबलचं बटण, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं, कायम पाचावर असायचं. ते सातावर नेलं.

टिटवीला विचारलं, कसा वाटतो? ती म्हणाली, "वेगळा वाटतो." म्हणजे बरा वाटला असणार.

२१ मार्च

अजून दबलेलाच. बटण आठावर.

८ एप्रिल

डोंगरातलं कॉलेज. येताना वळणांवर जीव मुठीत धरून बसलो होतो. ठोक्या वळणावरही बोटांनी ठोकतो.

आणखी दोन कंडेन्सर बदलले आहेत. आता कुठे जरा धार आली. पुढच्या रांगेतली पोरं अगदी रंगून गेली होती, काहींनी तर डोळे मिटून दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. ठोक्याने मात्र कानात कापूस घालायला सुरुवात केली आहे. विचारलं तर म्हणाला, थंडी बाधते. त्याला माझी टोपी दिली.

इथे एवढी झाडं आहेत, पण पाखरं नाहीत. सकाळी तासभर बाकावर बसलो, एक चिवचिव नाही. फवारण्या करत असतील. कुठे चाललं आहे जग.

दुसरी काळजी टिटवीची. हल्ली पुटपुटल्यासारखी बोलते. तीन भिंतींपलीकडे ऐकू येणारी पोर ही. गाणाऱ्या बाईने घशाची हेळसांड करू नये, एकदा दाखवून ये, असं तिला सांगितलं. "दाखवते, आजोबा," असं मोठ्याने म्हणाली, तेव्हा घसा ठीक वाटला. म्हणजे आळस आहे.

३० एप्रिल



सवतीची मागची फळी उघडली, तर आत स्पीकरच्या तोंडावर चार घड्या घातलेला टॉवेल. निळा. खांबाचा. पुढच्या जाळीलाही आतून काळं कापड डकवलेलं. म्हणजे इकडे मी धार आणण्यासाठी जिवाचं रान करतोय आणि हा तिच्या तोंडात बोळा कोंबतोय.

कारण उघड आहे. मागच्या गावात वाद्यांच्या दुकानासमोर तो नव्या अ‍ॅम्पकडे बघत उभा होता, मी बघितलंय. नवा अ‍ॅम्प आला की सवत नको, आणि सवत नको तर म्हातारा कशाला? मग आहेच खुर्ची आणि उशी.

सगळे चहा पीत होते, तिथे जाऊन टॉवेल टेबलावर ठेवला. विचारलं, हा कोणाचा? ठोक्या छताकडे बघायला लागला. टिटवीचा चेहरा पडला. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात खांब म्हणाला, "माझा."

मी पुष्कळ बोललो. घरभेदी म्हणालो. अस्तनीतला निखारा म्हणालो. ज्या ताटात जेवतो त्यातच भोक पाडतोस, असंही म्हणालो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चुकलं, आजोबा." दोन महिन्यांतलं हे त्याचं सगळ्यांत मोठं भाषण.

टिटवी मध्येच उठून गेली. खरं तर तिने माझ्या बाजूने दोन शब्द बोलायला हवे होते.

कापड काढून टाकलं. टॉवेल धुऊन, वाळवून, घडी करून त्याच्या पिशवीवर ठेवला. आपल्या हातून उणं नको.

१७ मे

तरीही धार येत नाही. म्हणून लेकीकडून माझी चाचणीची पेटी मागवली होती, ती आली. तिची चकती फिरवत गेलं की जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत एकेक आवाज निघतो. तो सवतीत सोडायचा आणि बघायचं, कुठला सूर बाहेर येतो आणि कुठला आत अडकतो. बरोबर काट्याचं मीटर लागतं, ते पाठवायला लेक विसरली. म्हणून कानांवरच भागवलं.

जाड सूर आले. मधले आले. वर गेलो आणि एका जागी स्पीकर मेला. काहीच नाही. चकती पुढे नेली, तरी काही नाही.

टिटवी समोर उभी होती. तिला विचारलं, "येतोय का काही?"

ती बघत राहिली. पेटीकडे नाही, स्पीकरकडे नाही, माझ्याकडे. मग म्हणाली, "नाही, आजोबा."

जिवात जीव आला. म्हणजे स्पीकर गेला आहे. स्पीकर बदलता येतो. तेवढ्यात ठोक्या कानांत बोटं घालून शेजारच्या खोलीतून धावत आला, काहीतरी ओरडत होता. टिटवीने त्याला हाताला धरून बाहेर नेलं. खिडकीतून दिसलं, ती डोळे पुसत होती आणि तो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. दोघांचं काहीतरी जुळत असावं, त्यातूनच रुसवेफुगवे. मुलगा वाईट नाही. पण ड्रमवाल्याच्या घरात शांतता नसते, हे तिला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं.

३ ऑगस्ट

पावसाळ्यात कार्यक्रम नाहीत, म्हणून लेकीकडे आहे. नवा स्पीकर बसवला.

तिच्या दारावरची घंटा बिघडली आहे. परवा शेजारीण दहा मिनिटं दार ठोकत होती, लेक मला रागावली. घंटा उघडून बघितली, दोष सापडेना. किटलीचीही शिट्टी गेली. पाणी आटून बूड काळं झालं, तेव्हा वासावरून कळलं. हल्ली वस्तूच हलक्या करतात.

लेकीने कानाच्या डॉक्टरचा विषय काढला. मी म्हटलं, याच कानांवर चाळीस वर्षं आपलं घर चाललं. डोळे झाकून सांगायचो, कुठला व्हॉल्व्ह महिनाभरात जाणार. तिने खुर्चीवरची उशी झटकून परत ठेवली. मी फिरायला निघून गेलो. बागेत.

९ नोव्हेंबर

रेकॉर्डिंगच्या जागी आलो. खोलीच्या भिंतींना मऊ गाद्या ठोकल्या आहेत आणि एका बाजूला मोठी काच. काचेआड शेकडो बटणांसमोर एक टकला गृहस्थ बसतो. त्याला मी काचवाला म्हणतो. दहा दिवस मिळाले आहेत. त्यानंतर ही जागा दुसऱ्यांची, आणि काचवाला पुढच्या वर्षाशिवाय मोकळा नाही. नऊ गाणी आहेत.

ट्रेबल आता दहावर आहे. त्याच्या पुढे बटणच जात नाही.

पहिलं गाणं तीनदा वाजवलं. तिसऱ्यांदा काचवाला बाहेर आला, सवतीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आजोबा, टोचतोय हो आवाज. कानात सुई घातल्यासारखा."

मी म्हटलं, टोचतोय? मला तर गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो.

त्याने टिटवीकडे बघितलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. कशाला नाही ते समजलं नाही. काचवाला आत गेला. माणूस नव्या पद्धतीचा आहे, त्याला व्हॉल्व्हचा आवाज कुठून कळणार?

१२ नोव्हेंबर

चार दिवस गेले. एक गाणं पदरात पडलेलं नाही.

सकाळी दाराजवळ एक नवा अ‍ॅम्प दिसला, त्यावर पांढरी चादर टाकलेली. माणूस गेल्यावर टाकतात तशी. कोणी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

काचेपलीकडे काचवाला आणि टिटवी बराच वेळ बोलत होते. काचेतून आवाज येत नाही, नुसती तोंडं दिसतात. तो सहा बोटं दाखवत होता. ती मान हलवत होती. नंतर ठोक्याने सांगितलं की तिने काचवाल्याला स्पष्ट सांगितलं आहे, सवत नसेल तर अल्बम नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पोरांनी वर्षभर गाडीत झोपून, थंड अंडी-पाव खाऊन ही नऊ गाणी जमवली. ती अशीच राहिली तर सवतीमुळे राहिली असं होईल. सवतीमुळे म्हणजे माझ्यामुळे. तिच्यात नेमका काय दोष आहे ते मला सापडत नाही. मला कधी सापडलं नाही असं झालेलं नाही.

१३ नोव्हेंबर

हे लिहू की नको, असं झालं होतं. लिहितो. हिने सांगितलं होतं लिहायला.

दुपारी सगळे जेवायला बाहेर गेले. पोट बिघडलंय असं सांगून मी मागे थांबलो. या वेळी मीटर आठवणीने आणलं होतं. काचवाल्याचा एक मायक्रोफोन घेतला, तो मीटरला जोडला आणि सवतीसमोर हातभर अंतरावर उभा केला. हवेत आवाज असेल तर काटा उठणार, नसेल तर पडून राहणार. यात कोणाच्या मताचा प्रश्न नाही.

जाड सूर सोडला. ऐकू आला, काटा उठला. मधला सोडला. आला, उठला. मग ती जागा आली. कानाला काही नाही.

काटा उठलेला.

मीटर बिघडलं असं वाटलं. बॅटरीवर तपासलं, ठीक होतं. पेटीची तार काढली, काटा पडला. तार लावली, काटा उठला. काढली, पडला. लावली, उठला. किती वेळा केलं ते मोजलं नाही. माझ्यासमोर हातभर अंतरावर आवाज होता, काट्याच्या टोकापर्यंत भरलेला, आणि खोलीत माझ्यासाठी काहीच नव्हतं.

मीटर खोटं बोलत नाही, हे मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. गिऱ्हाईक म्हणायचं, नाही हो, यंत्रातच दोष आहे. मी हसायचो.

खाली बसलो. मग एकेक गोष्ट येत गेली, कोणी दार ठोकत यावं तशी. किटली. घंटा. डोंगरातली पाखरं. ठोक्याचा कापूस, आणि त्यावर मी दिलेली टोपी. डोकं धरून बसलेली पोरं. टॉवेल.

आणि टिटवी. नाही, आजोबा.

त्या दिवशी ती माझ्याकडे का बघत होती ते आज कळलं.

पोरं परत आली तेव्हा मी मायक्रोफोन जागेवर ठेवला होता. आज खोलीवर लवकर गेलो. रडलो नाही, पण चष्मा दोनदा पुसला.

१४ नोव्हेंबर

सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो आणि सवत पूर्ण उघडली.

वरच्या फळीच्या आतल्या बाजूला हिचं अक्षर आहे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून अ‍ॅम्प बांधला तेव्हा मी सांगत गेलो आणि हिने पेन्सिलीने लिहिलं: कुठला कंडेन्सर कुठे, केवढा, कुठली तार कुठून कुठे. सव्वीस ओळी. पंचेचाळीस वर्षांत मी ती यादी वाचली नव्हती, कारण मला सगळं पाठ होतं, आणि पाठ असलेलं मी कानाने तपासायचो.

आज बोट ठेवून ओळीने वाचली. बिस्किटांचा डबा उघडला. वर्षभरात काढलेलं सगळं त्यात होतं. एकेक भाग हिच्या ओळीप्रमाणे जागच्या जागी झाळला. गाडीत ठेवलेला जुना स्पीकरही परत बसवला, त्याला काही झालेलंच नव्हतं. सव्विसाव्या ओळीखाली हिने आपल्या मनाने एक ओळ घातली होती. मी सांगितलेली नव्हती. "ट्रेबल पाचावर. पुढे नेऊ नये, डोकं उठतं."

बटण पाचावर आणलं. मग पाचाच्या पुढे एक बारीक खिळा ठोकला, म्हणजे ते फिरवू म्हटलं तरी फिरू नये. खिळा माझ्यासाठी.

पोरं आली. मी म्हटलं, वाजवा. मला कसा वाटतो ते विचारू नका, मला गोधडीत गुंडाळल्यासारखाच येणार. यादीप्रमाणे बांधला आहे, तुमच्या आजीच्या. बाकी तुमच्या कानांनी ठरवा.

टिटवीने गिटार जोडली. एक तार छेडली.

मला जे ऐकू आलं ते लिहिण्यासारखं नाही. मेलेला आवाज. पण मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ठोक्याने कानातला कापूस काढला. काचेआड काचवाला उभा राहिला. खांबाने, वर्षभरात पहिल्यांदा, एक पाऊल पुढे टाकलं.

टिटवी गिटार बाजूला ठेवून माझ्याकडे आली. म्हणाली, "टॉवेल मी ठेवला होता, आजोबा. त्याने नाही." मी म्हटलं, कळलं. ती म्हणाली, "आणि त्या दिवशी मला ऐकू येत होतं." मी म्हटलं, तेही कळलं. मग नाही का म्हणालीस?

"तुम्ही इतके घाबरलेले दिसत होतात. मला वाटलं, आज नको. मग रोजच वाटत गेलं."

मी तिला सांगितलं की आता मला लेकीकडे पोहोचवा. ज्या मेकॅनिकला ऐकू येत नाही तो काय कामाचा? यावर ठोक्या म्हणाला, "आजोबा, बँडमध्ये कानांच्या तीन जोड्या आहेत. असल्या हातांची एकच. तुम्ही बसा गप."

मी बसलो. एक विचारलं, गुणगुण तरी काढू का? एक कंडेन्सर जास्त घातला तर कमी होईल. टिटवी म्हणाली, "तिला हात लावायचा नाही." एवढ्या जोरात म्हणाली की काचवालाही दचकला. जुनी टिटवी.

१८ नोव्हेंबर

नऊच्या नऊ झाली. शेवटच्या दोन दिवसांत पोरं जेवायलाही उठत नव्हती. चादर घातलेला अ‍ॅम्प आला तसा परत गेला.

खांबाची माफी मागितली. म्हटलं, तुला नको नको ते बोललो. त्याने बेसची तार गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "टॉवेल फार स्वच्छ धुतला होता तुम्ही." मला वाटतं, माफ केलं.

११ जानेवारी

डॉक्टरकडे जाऊन आलो. कानात घालायचं यंत्र मिळालं. आत काय आहे ते उघडून बघायचं नाही, अशी लेकीने शपथ घातली आहे. पाखरं आहेत. फवारण्यांचं मी उगाच लिहिलं होतं. लेकीची भांडी मात्र फारच जोरात आपटतात, म्हणून घरात यंत्र काढून ठेवतो.

२७ मार्च

रेकॉर्ड आली. वर सवतीचा फोटो आहे, खिळ्यासकट. नाव ठेवलंय "आजीची सवत". मी म्हटलं, लोक काय समजतील? ठोक्या म्हणाला, समजायचं ते समजतील.

पुढच्या आठवड्यात परत दौरा. सतरा गावं. पुढच्या डाव्या चाकाची त्याला आठवण करून दिली. माझी पिशवी भरून झाली आहे. लेकीने खिडकीतल्या खुर्चीवर कपड्यांच्या घड्या ठेवायला सुरुवात केली आहे.

संध्याकाळी टिटवीला घेऊन माझ्या घरी आलो, तिने बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड लावली. मी आत स्वयंपाकघरात चहाचं बघत होतो. यंत्र कानात नव्हतं. भिंतीतून गाण्याचं म्हणावं तसं काही येत नव्हतं, ठोक्याचे ठोके आणि खांबाचा बेस तेवढा कळत होता. मग तेही थांबलं. चहा उकळत आला, गाळणं हातात घेतलं.

आणि गुणगुण यायला लागली.

आधी घाबरलो. सवत कोणी चालू ठेवली, व्हॉल्व्ह तापतील, म्हणून हातात गाळणं तसंच घेऊन बाहेर धावलो. सवत कोपऱ्यात, तार काढलेली, थंड. रेकॉर्ड फिरत होती. टिटवी जमिनीवर बसली होती, डोळे मिटून.

मी म्हटलं, अगं, गाणं संपल्यावर हा दोष तसाच राहून गेलाय. किती वेळ चाललाय. काचवाल्याला कापायला सांगायचं होतं.

ती म्हणाली, "पूर्ण दोन मिनिटं आहे. मीच मोजून ठेवायला लावलंय. तुम्ही आत जाऊन ऐका, आजोबा. भिंतीपलीकडून."

का ते तिने सांगितलं नाही. चहा उतू जायची काळजी होती, म्हणून मी आत आलो. गॅस बंद केला. ही जिथे उभी राहायची तिथेच ओट्याला टेकून उभा राहिलो, दुसरीकडे जागाच नाही.

सगळी ऐकू आली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गळता.

थांबली, तेव्हा माझ्या हातात गाळणं तसंच होतं. टिटवीला हाक मारणार होतो. मग बाहेरून पुन्हा तीच गुणगुण यायला लागली. तिने शेवट परत लावला होता. हाक मारली नाही.